उमेदवारीचे वय

हिशेबनिसाच्या धंद्यात शिरण्याची महाराष्ट्रातली जुनी वाट म्हणजे उमेदवारी. फारसी ‘उमेद’वरून आलेला हा शब्द आता निवडणुकीच्या अर्जाला चिकटला आहे. पेशवाईत आणि तिच्यामागून आलेल्या इंग्रजी कचेऱ्यांत मात्र उमेदवार म्हणजे कारकुनांच्या रांगेत शेवटी बसणारा बिनपगारी मुलगा. तो बोरू ताशी, जुन्या याद्यांच्या नकला करी, बेरजा पडताळी आणि एखादी जागा मोकळी होण्याची वाट पाही. ही वाट कधी वर्षभरात संपे, कधी कित्येक वर्षे संपत नसे. तेवढा काळ त्याला जेवू घालणारे घरी कोणीतरी असावे लागे. उमेदवाराचे वय किती असावे हे कोणी लिहून ठेवले नव्हते. पण बिनपगारी बसणे परवडेल असे वय आयुष्यात एकदाच येते, आणि ते मिसरूड फुटण्याच्या आसपासचे. बायकामुले पदरी पडल्यावर नव्याने हिशेब शिकून कनिष्ठ कारकून होणे शतकानुशतके दुर्मीळ का होते आणि विसाव्या शतकात ते हळूहळू शक्य कसे झाले, याची कारणे या बिनपगारी वर्षांत सापडतात.

उमेदवारीच्याही आधी वतन होते. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या लेखन-हिशेबाच्या खात्याचा प्रमुख. परंपरेने मोडी लिपीचा प्रसारही त्याच्याच नावावर टाकला आहे. कारकुनाने काय लिहावे, कसे लिहावे, मापे-तोळे कसे धरावेत हे सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या छोट्या पोथ्या पुढच्या काळात फिरत राहिल्या आणि त्यांतल्या काहींनी हेमाडपंताचे नाव कपाळी लावले. पोथी हाती आली तरी धंदा मिळत नसे. गावचा हिशेब कुळकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे, आणि दोन्ही कामे वंशपरंपरेची. कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या मांडीला मांडी लावून जमीन, कूळ, सारा, बाकी या गोष्टी शिके. दुसऱ्या घरचा माणूस कितीही हुशार असला तरी गावच्या दप्तराला हात लावू शकत नसे. तिथे वयाचा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण प्रवेश जन्मानेच ठरलेला होता. ही व्यवस्था थोडीथोडकी टिकली नाही: मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुळकर्णी वतने रद्द केली, तेव्हा कुठे पगारी तलाठी सर्वत्र गावच्या दप्तराचा धनी झाला.

शिवकालात राज्याच्या वरच्या हिशेबी पदांबाबत वेगळे धोरण होते. अष्टप्रधानांतला अमात्य म्हणजे मुजुमदार हा जमाखर्च पाहणारा. ही पदे वंशपरंपरेने देऊ नयेत आणि चाकरीचा मोबदला रोख द्यावा असा शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता. पेशवाईत तो सुटला. महालोमहाली मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस असे दरखदार नेमलेले असत आणि त्यांची कामे बापाकडून मुलाकडे जात. यात एक मेख होती. दरखदार मामलेदाराचा नोकर नव्हता, त्याला काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, म्हणून मामलेदाराचा खोटा खर्च अडवण्याची हिंमत त्याला होत असे. आजच्या भाषेत लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य म्हणतात ते त्या काळी वंशपरंपरेने सांभाळले. त्याची किंमत अशी की बाहेरच्या माणसाला दार बंद झाले.

नाना फडणविसांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १७४२ साली जन्मलेल्या बाळाजी जनार्दन भानूंच्या घरी फडणिशी आजोबांपासून होती. १७५६ साली वडील वारले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते, आणि पद त्यांच्याकडे आले. फडणीस म्हणजे मुळात फर्दनवीस, सुट्या कागदांवर नोंदी ठेवणारा. या मुलाने पुढे पुण्याच्या हुजूर दफ्तराची घडी बसवली ती अशी पक्की की इंग्रज अधिकाऱ्यांनाही तिचा आधार घ्यावा लागला. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन मोठे भाग; मुलखाच्या येणाऱ्या जमेचा आणि होणाऱ्या खर्चाचा अंदाज म्हणजे बेहेडा; आणि आलेल्या सगळ्या हिशेबांची छाननी करून दर साली काढलेला गोषवारा म्हणजे तर्जुमा. एकबेरीज दफ्तर पुण्याबाहेर हलत नसे. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले जे लाखो कागद आहेत त्यांतला मोठा भाग या फडाचा, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीचा. त्यांवरची अक्षरे कोणाची, हे बहुतेक ठिकाणी ठाऊक नाही. ती चौदा-पंधराव्या वर्षी फडावर बसलेल्या आणि तिथेच म्हातारे झालेल्या कारकुनांची असावीत.

बालपणीच शिरण्यामागे पोटाखेरीज आणखी एक कारण होते, ते अपूर्णांकांचे. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. मण, शेर, पायली, खंडी यांची मापे तालुक्यागणिक निराळी. एवढे सगळे कागद-लेखणीवाचून झटपट जमवायचे तर साध्या पाढ्यांवर भागत नसे. पंतोजीच्या शाळेत पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे आठ-दहा वर्षांच्या वयात संध्याकाळी एका सुरात घोकून अंगात मुरवायचे असत. पस्तिशीच्या माणसाला अडीचकी समजावून सांगता येई, तिच्यामागची युक्तीही त्याला मुलापेक्षा लवकर कळे. पण ‘अठरा औटे’ ऐकताक्षणी ‘त्रेसष्ट’ तोंडातून पडणे त्याला साधत नसे. फडावर किंवा दुकानाच्या गादीवर माणसाची पारख अशा एका क्षणात होत होती. वय वाढल्यावर धंदा अवघड वाटायचा तो हिशेबाच्या तत्त्वामुळे नव्हे, त्या पाठांतरामुळे.

हिशेबाला लागणाऱ्या एकाग्रतेची मराठी मनातली गोष्टही मुलाचीच आहे. पैठणचा एकनाथ बारा वर्षांचा असताना देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला आणि गुरूंनी त्याला किल्ल्याच्या जमाखर्चाचे काम दिले, असे चरित्रकार सांगतात. एका रात्री एका पैची चूक सापडेना. पहाटेच्या सुमारास ती सापडली आणि त्याने आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी त्या टाळीतून परमार्थाचा धडा दिला, आणि कीर्तनकारांना एक हुकमी आख्यान मिळाले. कथेचा आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी तीत धंद्याचे एक वास्तव शिल्लक राहते: शिकाऊ पोराने रात्र जागवून चूक शोधायची, आणि त्या जागरणाचे वेगळे काही मिळायचे नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या समासाने केला, त्यातही अक्षर घोटून वळणदार करण्याचा आग्रह आहे. हे घोटणे लहान हातालाच शोभे.

उशिरा शिकून मोठा झालेल्या माणसाचे पेशवाईतले प्रसिद्ध नाव रामशास्त्री प्रभुणे यांचे. साताऱ्याच्या अनगळ सावकाराच्या घरी चाकरीला असताना, विशीच्या घरात, धन्याच्या बोलण्याचा राग धरून ते काशीला गेले आणि शास्त्री होऊन परतले, अशी आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. सावकाराच्या घरात राहूनही त्यांनी वाट धरली ती काशीची, फडाची नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काशीला अन्नछत्रे होती, विद्यार्थ्याला भिक्षा मागून शिकता येई आणि भिक्षा मागण्यात कमीपणा नव्हता. फडाच्या उमेदवाराला छत्र नव्हते. मोठ्या वयाच्या माणसाला शास्त्राध्ययन परवडले आणि रोजकीर्द परवडली नाही, ती एवढ्याच फरकाने.

दरबाराबाहेर, पेठांमध्ये, हिशेब लिहिणारा माणूस गावोगाव निराळ्या नावाने ओळखला जाई: सांगली-कोल्हापूरच्या अडतीवर दिवाणजी, मुंबईच्या कापडबाजारात मेहता किंवा मेहताजी, मारवाडी पेढीवर मुनीम. लांबट, लाल कापडात बांधलेल्या, वरून शिवलेल्या वहीत तो बसून लिही. ओळी आखलेल्या नसत. कागदाला घड्या पाडून रकाने केलेले असत. रोजमेळात दिवसाचा व्यवहार उतरवायचा आणि खतावणीत तो खात्यांवर नेऊन घालायचा. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक निघे आणि जुनी बाकी पुढे ओढली जाई. या देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असे. इंग्रजी खतावणीत नेमके उलट, म्हणून जुन्या मुनिमाला इंग्रजी लेजर दिले की तो आरशात पाहिल्यासारखा गोंधळे. दुकानातली उमेदवारी दरबारी उमेदवारीपेक्षा हलक्या कामाने सुरू होई. पोऱ्या आधी गादी झाडी, पाणी भरी, उधारीच्या चिठ्ठ्या घेऊन फिरे, मग रोजमेळ, विश्वास बसल्यावर खतावणी. तिजोरीची किल्ली सर्वांत शेवटी, कधीकधी कधीच नाही. इथे जात आणि नाते यांचे वजन फडाइतकेच होते, पण दुकानदार पोऱ्याला निदान दोन वेळचे जेवण घाली.

१८१८ साली पेशवाई बुडाली तरी कचेरीतली भाषा आणि मोडी लिपी लगेच गेली नाही. इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला १८५२ नंतर जुन्या दफ्तराचाच आधार होता, आणि ते वाचायला जुनेच कारकून लागत. मामलेदार कचेऱ्यांत उमेदवारांची रांग पूर्वीसारखीच राहिली. बदल झाला तो परीक्षांनी. मराठी शाळेची शेवटची इयत्ता, जिला लोक मुलकी परीक्षा म्हणत, पास झाली की शिक्षकाची, तलाठ्याची किंवा कारकुनाची जागा मिळण्याची आशा असे. परीक्षेने घराण्याची मक्तेदारी सैल केली, हे खरेच. पण सरकारी नोकरीबरोबर निवृत्तिवेतन आले, निवृत्तिवेतनाबरोबर सेवेच्या वर्षांचे गणित आले आणि त्यातून प्रवेशाच्या वयाची कमाल मर्यादा आली. पूर्वी न लिहिलेली अट आता नियमावलीत छापून आली. ती आजही आहे: महाराष्ट्र शासनाने २०१६ साली खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा ३३ वरून ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ केली. तलाठी, लेखा लिपिक, कनिष्ठ लेखापाल या जागांवर दहा-पंधरा वर्षे दुसरा धंदा केलेली माणसे अलीकडे दिसू लागली, त्यात या पाच वर्षांच्या सवलतीचा वाटा आहे.

खाजगी क्षेत्रातली कथा मुंबईत घडली. कंपन्यांचे कायदे १८५० पासून येत होते. १९१३ च्या कायद्याने कंपनीचा हिशेब तपासणाऱ्याला सरकारी प्रमाणपत्र आवश्यक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य हा महाविद्यालयीन विषय झाला. १९१८ साली मुंबई सरकारने गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जी. डी. ए., सुरू केला. १९३२ पासून रजिस्टर्ड अकाउंटंटची देशभर एक नोंदवही झाली आणि १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे गोपाळदास कापडिया. आरंभी सभासद होते सुमारे १,७००.

या नव्या धंद्याने जुनी उमेदवारी मोडली नाही, उलट इंग्लंडहून तिची आणखी महागडी आवृत्ती आणली. आर्टिकल्ड क्लार्क म्हणून ऑडिटरच्या हाताखाली काही वर्षे काढल्याशिवाय परीक्षेला अर्थ नव्हता, आणि या वर्षांत पगार मिळण्याऐवजी ऑडिटरलाच प्रीमियम म्हणून रक्कम द्यावी लागे. फडावरचा उमेदवार निदान फुकट बसत होता; इथे बसण्याचे भाडे पडले. साहजिकच या दारातून आत गेली ती मुख्यतः पारशी, गुजराती आणि मोजक्या सधन मराठी घरांतली तरुण मुले. प्रीमियमची प्रथा पुढे उठली. १९८८ च्या नियमावलीत तिला साफ मनाई आहे आणि आर्टिकलला किमान विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. पण विद्यावेतन हे विद्यावेतनच, त्यात घर चालत नाही, आणि त्या काळात परवानगीवाचून दुसरा उद्योगही करता येत नाही.

ज्याला घर चालवणे भाग होते त्याच्यासाठी याच इमारतीला एक मागचा जिना होता. ऑडिटरच्या कचेरीत पगारी ऑडिट क्लार्क म्हणून राहून, आर्टिकलपेक्षा अधिक वर्षे भरून, परीक्षेला बसण्याची सोय नियमांत होती. गिरगाव-दादरच्या चाळींतून फोर्टात येणाऱ्या कित्येक मराठी माणसांना ही वाट जवळची वाटली. काम तेच, वर्षे जास्त, पण पहिल्या महिन्यापासून हाती पगार. कारखान्यांच्या हिशेबाचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंगचा अभ्यासक्रम तर त्याहून सोयीचा ठरला. १९४४ साली कलकत्त्यात निघालेल्या या संस्थेला १९५९ साली कायद्याचे रूप मिळाले. तिथे नोकरीतला अनुभव धरला जाई आणि अभ्यास पत्राने करता येई. पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले तेव्हा स्टोअरमधले, टाइम ऑफिसमधले कारकून पाळी संपवून हे पेपर सोडवू लागले.

त्याच्याही आधी मुंबईने नोकरदाराला शिकण्याची वेळ काढून दिली होती. सोराबजी दावर यांनी १९०० साली काढलेल्या वाणिज्य-वर्गाने लंडनच्या परीक्षांसाठी मुले तयार केली. जे. आर. बाटलीबॉय यांची हिशेबशास्त्रावरची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या उशाशी राहिली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळच्या वेळेचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी असे. १९५३ साली वाणिज्य शाखेचे वेगळे महाविद्यालय निघाले. पूर्वी ज्यांना कोणत्याही फडावर कोणी बसू दिले नसते त्या समाजांतली माणसे यातून बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या हिशेब-खात्यांत पोचली. त्यांतली अनेकजण वयाने वर्गातल्या इतरांपेक्षा मोठी असत, आणि सकाळच्या कॉलेजात त्याचे कोणाला नवल नसे.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. इतिहासकार या दिवसाची नोंद नाणेशास्त्रात करतात. हिशेबाच्या धंद्याच्या इतिहासात ती जरा मोठ्या अक्षरात करायला हवी. पाठोपाठ वजन-मापेही मेट्रिक झाली. रुपयाचे शंभर पैसे झाले आणि औटकी एका रात्रीत निरुपयोगी ठरली. जुने दिवाणजी हळहळले आणि दुकानांत काही दिवस आणे-पैशांची कोष्टके टांगलेली राहिली. पण लहानपणी पाढे न घोकलेल्या माणसाची सर्वांत मोठी अडचण याच दिवशी दूर झाली. मोडी शाळांतून गेल्यामुळे दुसरी अडचणही संपली होती. हिशेब आता बाळबोध किंवा इंग्रजी अक्षरांत, दहाच्या पटीत लिहायचा होता, आणि ते कोणत्याही वयात जमण्यासारखे होते.

उशिरा येणाऱ्याला खरे मोठे दार उघडले ते सहकाराने. १९०४ च्या कायद्याने पतसंस्था सुरू झाल्या, १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली, १९२५ साली मुंबई इलाख्याने स्वतःचा सहकार कायदा केला. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरचा साखर कारखाना निघाला आणि त्यामागून सोसायट्या, दूध संघ, नागरी बँका यांचे जाळे विणले गेले. प्रत्येक संस्थेला दर वर्षी हिशेब तपासून घेण्याची सक्ती. इतके चार्टर्ड अकाउंटंट नव्हते, आणि होते त्यांना आडगावच्या विविध कार्यकारी सोसायटीची फी परवडत नव्हती. ही गरज भागवायला सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा उपयोगी पडली. ती तिच्याच जोडीच्या गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्र परीक्षेसह दर वर्षी, बहुधा मे महिन्यात, होते. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वे, सहकार कायदा, सहकारी बँकिंग अशा विषयांचे सहा पेपर. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वयाची वरची मर्यादा नाही, मराठीत लिहिता येते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोणाच्या हाताखाली बिनपगारी बसल्याचा दाखला परीक्षेच्या दारात मागत नाहीत.

या परीक्षेच्या वर्गात नजर टाकली की वेगळेच चित्र दिसते. पहिल्या बाकावर एखादा निवृत्त शिक्षक, मागे पतपेढीचा लिपिक, खिडकीपाशी मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडलेली गृहिणी, शेवटी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एखादे गृहस्थ. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली बाहेर पडले. त्यांत पन्नाशीच्या आगेमागे असलेले आणि लेजरची सवय असलेले पुष्कळ होते. राज्यात सहकारी संस्थांची संख्या दोन लाखांहून अधिक, आणि तींतल्या निम्म्याहून अधिक गृहनिर्माण संस्था. प्रत्येकीला महिन्याची देयके काढणारा, वर्षअखेर ताळेबंद जुळवणारा माणूस लागतो. अशा माणसाला सोसायटीत बहुधा ‘अकाउंटवाले काका’ असे नाव पडते. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या सहकार कायद्यात बदल झाले. तेव्हापासून लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत शिरायला पदविकेबरोबर अनुभवही दाखवावा लागतो, म्हणजे उमेदवारी चोरपावलांनी परत आली आहे.

खाजगी दुकानदाराच्या वहीला सरकारने तीन धक्के दिले, आणि तिन्हींनी नव्या माणसांना काम मिळाले. ठराविक उलाढालीवर कर-लेखापरीक्षण सक्तीचे झाले ते १९८५-८६ या करआकारणी वर्षापासून. तेव्हा मर्यादा होती ४० लाख रुपये. १९८९ पासून सगळ्यांचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपू लागले, आणि दिवाळीच्या वहीपूजनात पूजा उरली, वर्ष गेले. तिसरा धक्का वस्तू व सेवा कराचा, १ जुलै २०१७ चा: वर्षातून एकदा शोभेल एवढे हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला महिन्याच्या महिन्याला बिल जुळवून विवरण भरावे लागले. पूर्ण पगाराचा कारकून छोट्या दुकानाला परवडत नाही. म्हणून सकाळी औषधाचे दुकान, दुपारी हार्डवेअर, संध्याकाळी पेट्रोलपंप अशी फेरी मारणारा पार्टटाइम अकाउंटंट ही जात तालुक्यागणिक वाढली.

या फेरीवाल्याचे हत्यार टॅली. बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ साली बाजारात आणलेल्या या प्रणालीने खतावणी लिहिण्याचे काम यंत्राकडे नेले. व्हाउचर बरोबर टाकले की रोजमेळ, खाते, तेरीज, ताळेबंद आपोआप. जुन्या मुनिमाची वीस वर्षांची कमाई, म्हणजे कोणती रक्कम कोणत्या पानावर न्यायची हे ज्ञान, पडद्याआड गेले. २००१ साली एम.एस.-सी.आय.टी. आल्यावर तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचे वर्ग निघालेच होते. त्यांच्याच पाटीवर ‘टॅली’ ही ओळ वाढली. दोन-तीन महिन्यांच्या वर्गात चाळिशीचा माणूस नोंदी टाकायला शिकतो. जमा आणि नावे यांतला भेद मात्र यंत्र शिकवत नाही, आणि घाईने शिकलेल्याचा ‘सस्पेन्स’ खात्यात ढीग साचतो, तो मार्चअखेरीस सी.ए.च्या टेबलावर येऊन पडतो. चार्टर्ड अकाउंटंट होण्याची वाटही थोडी आखूड झाली आहे: वाणिज्य पदवीला ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के असतील तर पहिली परीक्षा द्यावी लागत नाही, आणि २०२३ च्या योजनेपासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली. कमाल वय तिथेही नाही.

बायकांचा या धंद्यातला प्रवेश दोन टोकांनी झाला. वरच्या टोकाला मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी १९३३ साली जी. डी. ए. मिळवून देशातल्या पहिल्या महिला लेखापाल होण्याचा मान घेतला. खालच्या टोकाला, बचत गटांत, प्रवेश फार उशिरा आणि फार मोठ्या संख्येने झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले तेव्हा सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला. बायका काही महिने लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या; व्याजाचा तोंडी हिशेब आम्ही करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावाचून करून दाखवावा, असे त्यांनी तिथे सुनावल्याचे सिन्हा सांगतात. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. औटकी गेली तरी तोंडी व्याज लावण्याची कला बाजारहाट करणाऱ्या बायकांकडे जिवंत होती. फक्त तिला कोणी हिशेबनिशी म्हटले नव्हते.

२०११ साली राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाले. गटाने पाळायच्या पाच सूत्रांत शेवटचे सूत्र नियमित हिशेब लिहिण्याचे आहे, आणि गटांच्या वर उभ्या केलेल्या ग्रामसंघाची दप्तरे लिहायला एक ‘ग्रामसंघ लिपिका’ असते. ती बहुधा गावात सून म्हणून आलेली, दहावी-बारावीनंतर शाळा सुटलेली, मुले शाळेत जाऊ लागल्यावर कामाला लागलेली. रोखकीर्द, खतावणी, सभासदनिहाय कर्जबाकी हे तिला प्रशिक्षणात शिकवतात आणि उरलेले ती बैठकीत शिकते. काम सुरू झाले की मानधनही सुरू होते. ते तुटपुंजे आहे. अभियानाला शासनाच्या कायम विभागाचा दर्जा द्यावा म्हणून या बायकांनी २०२४ साली मुंबईत मोठे आंदोलन केले. अभियानाचे मराठी नाव आहे ‘उमेद’.